मतदार नोंदणी पोर्टल: फॉर्म सोपा, पत्ता बदलला की कसोटी

सेवा मोफत आहे, बाराही महिने चालू असते, आणि तिची खरी परीक्षा पाच वर्षांत दोन-तीनदाच होते. तीही सकाळी सात ते संध्याकाळी सहा एवढ्याच वेळात. त्या दिवशी यादीत नाव नसलं तर सल्ला देणारे शंभर जण भेटतात, मत मात्र देता येत नाही. म्हणून हा रिव्ह्यू निवडणूक लांब असताना वाचलेला बरा.

रिव्ह्यू आहे निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलचा. पत्ता: व्होटर्स डॉट ईसीआय डॉट जीओव्ही डॉट इन. सोबत मोबाइल ॲप आणि १९५० हा हेल्पलाइन नंबर. आयोगाची चाळीसेक वेगवेगळी ॲप आणि संकेतस्थळं 'ईसीआयनेट' या एकाच छत्राखाली आणायचं २०२५ मध्ये जाहीर झालं, त्यामुळे बटणांच्या जागा अधूनमधून बदलतात. बटणं बदलली तरी आतले नमुने तेच आहेत: नवीन नावासाठी ६, परदेशस्थ भारतीयांसाठी ६अ, नाव वगळण्यासाठी किंवा हरकतीसाठी ७, आणि उरलेल्या सगळ्यासाठी ८. पूर्वीचा ८अ हा नमुना १ ऑगस्ट २०२२ पासून बंद आहे. जुन्या झेरॉक्सच्या दुकानात तो अजून मिळाला तर घेऊ नका.

आधी नमुना ६. नीट बसून भरला तर वीस मिनिटांचं काम. मोबाइल नंबर आणि ओटीपी वापरून खातं उघडायचं, मग राज्य, जिल्हा, विधानसभा मतदारसंघ, नाव, नातेवाइकाचं नाव, जन्मतारीख, पत्ता. फोटो पासपोर्ट आकाराचा, साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, समोरून चेहरा दिसणारा, सही न केलेला. फाइल दोन एमबीच्या आत ठेवा. वयासाठी जन्मदाखला, आधार, पॅन, लायसन्स, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र किंवा पासपोर्ट यांपैकी एक. पत्त्यासाठी वीज-पाणी-गॅसचं बिल, आधार, बँकेचं किंवा पोस्टाचं चालू पासबुक, पासपोर्ट, महसूल खात्याचा जमिनीचा उतारा, नोंदणीकृत भाडेकरार किंवा खरेदीखत. करार 'नोंदणीकृत' हवा. पाचशेच्या स्टॅम्पवर घरमालकाची सही घेऊन केलेला कागद इथे चालत नाही. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स ऑनलाइन नोंदवता येतो, तोच जोडा. यादीत नाव लागल्याने भाडेकरूला घरावर कसलाही हक्क मिळत नाही. घरमालकांची ही भीती जुनी आणि निराधार आहे, पण तिच्यापायी शहरांत कितीतरी नोंदण्या अडतात.

आता पहिली ठेच. नाव इंग्रजीत टाइप करून पुढच्या रकान्यात गेलं की शेजारी देवनागरी नाव आपोआप उमटतं. हे लिप्यंतर करणाऱ्या यंत्राला 'ळ' आणि 'ल' यांतला फरक स्पेलिंगवरून कळणार तरी कसा? काळेंचे काले होतात, टिळकांचे तिलक, गोळेंचे गोले. 'ट' आणि 'त'चीही तीच गत. बहुतेक लोक इंग्रजी रकाना तीनदा तपासतात आणि मराठीकडे पाहतच नाहीत. मतदान केंद्रावरच्या कर्मचाऱ्याच्या हातातली यादी मात्र मराठीत असते. रकान्याजवळ छोट्या कीबोर्डचं चिन्ह आहे. ते दाबा, उमटलेलं नाव पुसा आणि हाताने नीट लिहा. दोन मिनिटं लागतात. नंतर हीच चूक सुधारायला वेगळा नमुना ८ भरावा लागतो.

दुसरी ठेच नावाच्या क्रमाची. पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव आणि मधलं नाव, दुसऱ्यात आडनाव, अशी मांडणी आहे. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी असतं, त्यामुळे पुष्कळजण 'पाटील सुनीता' असं पहिल्याच रकान्यात भरून मोकळे होतात. मग शोध घेताना सुनीता पाटील सापडत नाही. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून ऑनलाइन अर्जाला आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ई-साइन करावी लागते आणि त्यासाठी अर्जातलं नाव आधारवरच्या नावाशी जुळावं लागतं. लग्नानंतर आधारवर एक नाव आणि मतदार कार्डावर दुसरं, अशी स्थिती असेल तर गाडी इथेच अडते. आधी दोन्हीकडचं नाव एक करा.

आधारबद्दल एक तक्रार नोंदवायलाच हवी. कायद्याने आधार देणं ऐच्छिक आहे, आयोगाने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तेच सांगितलं. नमुन्यात मात्र दोनच पर्याय आहेत: आधार क्रमांक द्या, नाहीतर 'माझ्याकडे आधार नाही' असं लिहून द्या. आधार आहे पण द्यायचा नाही, असं म्हणणाऱ्यासाठी चौकटच नाही. ई-साइन आल्यावर ऑनलाइनची वाट आणखी अरुंद झाली. अशांनी कागदी नमुना भरून बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, किंवा तहसील कचेरीतल्या मतदार नोंदणी कक्षात द्यावा.

तिसरी ठेच मतदारसंघ निवडताना लागते, आणि ती शहरी माणसाला हमखास. पिन कोड आणि विधानसभा मतदारसंघ यांचा एकमेकांशी संबंध नाही. पुण्यात बाणेर कोथरूडमध्ये, शेजारचं औंध शिवाजीनगरमध्ये आणि मुळेपलीकडचं वाकड चिंचवडमध्ये. पत्ता औंधचा आणि मतदारसंघ कोथरूड निवडला तर अर्ज चुकीच्या कार्यालयात जातो आणि तिथला बीएलओ 'पत्ता आमच्या हद्दीत नाही' म्हणून निकाली काढतो. याला सोपा तोडगा आहे. त्याच पत्त्यावर राहणाऱ्या घरच्या माणसाचा कार्ड क्रमांक अर्जात टाकायला जागा आहे, ती रिकामी सोडू नका. घरात आधीचा मतदार नसेल तर निदान शेजाऱ्याचं कार्ड पाहून मतदारसंघाचं नाव आणि यादी भाग तपासून घ्या.

इथवर पोर्टलला चांगले गुण. रंगरूप सरकारी आहे, कॅप्चा वाचताना डोळे बारीक करावे लागतात, पण फॉर्म मधेच जतन होतो, संदर्भ क्रमांक लगेच मिळतो आणि अर्जाचा माग काढता येतो. अठरा वर्षं पूर्ण झाली का हे पाहण्याच्या १ जानेवारी या एकाच अर्हता तारखेऐवजी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि सतरा वर्षं पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. पूर्वी २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्या मुलाला अख्खं वर्ष ताटकळावं लागायचं. ही सुधारणा खरोखर मोलाची आहे.

अर्ज 'सबमिट' झाल्यावर मात्र तो संगणकातून माणसांच्या जगात येतो. अर्जदारांची यादी हरकतींसाठी सात दिवस खुली ठेवावी लागते, त्यामुळे आठवड्याच्या आत नाव लागणं कायद्यानेच शक्य नाही. मग येतो बीएलओ. बीएलओ म्हणजे बहुधा शिक्षिका, अंगणवाडी सेविका किंवा पालिकेचा कर्मचारी. मूळ नोकरी सांभाळून एका केंद्राचे हजारभर मतदार त्यांनी सांभाळायचे. या कामाचं वार्षिक मानधन २०२५ मध्ये सहा हजारांवरून बारा हजार झालं. महिन्याला हजार रुपये. त्या पैशांत दहा मजली इमारतीत संध्याकाळी सातनंतर चढून जायचं, वॉचमनशी हुज्जत घालायची आणि कुलूपबंद दार पाहून परत यायचं.

अर्ज नामंजूर होण्याचं सर्वांत मोठं कारण इथेच आहे, आणि त्याचा कागदपत्रांशी संबंध नसतो. बीएलओ स्वतःच्या मोबाइलवरून फोन करते. अनोळखी नंबर म्हणून आपण उचलत नाही. ती घरी येते, गेटवर 'फ्लॅटमालक नाहीत' असं ऐकून निघून जाते आणि 'पत्त्यावर आढळले नाहीत' असा शेरा पडतो. म्हणून अर्ज केल्यावर महिनाभर तरी अनोळखी फोन उचला, वॉचमनला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगून ठेवा, आणि दारावर नावाची पाटी लावा. पाटी लावण्याचा सल्ला हास्यास्पद वाटेल, पण भाड्याच्या घरांवर पाटी मूळ मालकाची असते आणि पडताळणीला आलेला माणूस तीच वाचतो. आपल्या भागाच्या बीएलओचं नाव आणि नंबर पोर्टलवर कार्ड क्रमांक टाकून कळतो. आपण होऊन एक फोन केलात तर काम निम्म्या वेळात होतं.

अर्ज नामंजूर झाला तर निमूट नवा अर्ज भरत बसायची गरज नाही. मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयावर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील आणि त्यानंतर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं अपील करता येतं. ही तरतूद कायद्यात आहे आणि पोर्टलच्या पहिल्या पानावर ती ठळक दिसत नाही. एक तारा इथे कापला.

नमुना ८ हा या सेवेचा खरा कस. घर बदललं, नावात चूक आहे, कार्ड हरवलं, अपंगत्वाची नोंद करायची आहे, या चारही कामांना एकच नमुना. कार्ड क्रमांक टाकला की जुना तपशील समोर येतो, चारपैकी कारण निवडायचं, कागद जोडायचा. वीस वर्षांपूर्वीच्या कार्डांवर एमटी या अक्षरांनी सुरू होणारे तिरप्या रेघांचे लांबलचक क्रमांक असतात, ते इथे सहसा चालत नाहीत. आता तीन अक्षरं आणि सात आकडे असा दहा अक्षरी क्रमांक लागतो. तो माहीत नसेल तर शोध पानावर नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय आणि जिल्हा टाकून काढा. शोधताना आडनाव सोडून फक्त नाव टाकून पाहिलं तर चुकीच्या लिप्यंतराने लपलेली नोंदही बरेचदा सापडते.

घर बदललेल्या माणसाने नमुना ६ भरू नये. तो फक्त पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांसाठी आहे आणि त्यात तसं लिहून द्यावं लागतं. सातारचं नाव तसंच ठेवून ठाण्यात नवं नाव लावणं ही दुबार नोंदणी झाली. खोटं प्रतिज्ञापन दिल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. गावच्या ग्रामपंचायतीत भावकीचा उमेदवार उभा असतो आणि शहरात पाण्याचा प्रश्न असतो, म्हणून दोन्हीकडे नाव ठेवावंसं वाटतं. कायदा मात्र तुम्ही सामान्यतः राहता कुठे एवढंच विचारतो.

घर बदललं की आपण गॅस, बँक, आधार, शाळा, ॲमेझॉन, सगळीकडे पत्ता बदलतो. मतदार यादीत बदलत नाही, कारण तिथे न बदलल्याने दुसऱ्या दिवशी काहीच अडत नाही. अडतं ते तीन-चार वर्षांनी. पोर्टल कितीही चकचकीत केलं तरी ही फट भरत नाही. देशोदेशी मतदानाच्या टक्क्यात एवढा फरक का पडतो, त्याचं अर्धं उत्तर या फटीत आहे.

स्वीडन घ्या. तिथे 'मतदार नोंदणी' नावाची सेवाच नाही, त्यामुळे रिव्ह्यू लिहिण्यासारखं काही उरत नाही. घर बदललं की आठवड्याभरात कर खात्याला कळवायचं, ते लोकसंख्या नोंदवहीत लागतं, आणि मतदानाच्या तीस दिवस आधीच्या त्या नोंदवहीवरून मतदार यादी तयार होते. मतदार कार्ड पोस्टाने घरी, त्यावर केंद्राचा पत्ता. अठरा दिवस आधीपासून वाचनालयांसारख्या ठिकाणी आगाऊ मतदान करता येतं. २०२२ मध्ये तिथे ८४ टक्के मतदान झालं, आणि तेही सक्ती नसताना.

ऑस्ट्रेलियाने दोन्ही टोकं बांधली. तिथल्या आयोगाला लायसन्स देणाऱ्या आणि सरकारी मदत वाटणाऱ्या खात्यांकडून पत्त्याचे बदल कळतात. २०१२ पासून आयोग स्वतःच मतदाराला कळवतो की तुमचा पत्ता आम्ही असा बदलतो आहोत, चूक असेल तर २८ दिवसांत सांगा. म्हणजे गप्प बसणाऱ्याचं नाव यादीत राहतं. आपल्याकडे गप्प बसणाऱ्याचं जातं. वर मतदान सक्तीचं: केंद्रीय निवडणुकीत गैरहजर राहिल्यास वीस डॉलर दंड, सबळ कारण दिलं तर माफ. वार कायम शनिवार, आणि शाळेच्या आवारात पालकसंघ शेगडीवर सॉसेज भाजून विकत असतात. १९२२ मध्ये मतदान साठ टक्क्यांच्या आत होतं, १९२४ मध्ये सक्तीचा कायदा झाला आणि १९२५ मध्ये ते एक्क्याण्णववर गेलं. तीन वर्षांत ऑस्ट्रेलियन माणूस एकदम कर्तव्यदक्ष झाला असं कोणी म्हणणार नाही.

सक्तीचा परिणाम उलट्या बाजूनेही दिसतो, तो चिलीत. तिथे २०१२ पासून नोंदणी आपोआप झाली आणि त्याच वेळी मतदानाची सक्ती उठली. त्या वर्षीच्या पालिका निवडणुकांत मतदान ४३ टक्क्यांवर घसरलं. सप्टेंबर २०२२ च्या राज्यघटनेच्या सार्वमताला सक्ती परत आली आणि आकडा ८६ च्या आसपास गेला. यादी नीट असणं आवश्यक आहे, पण तेवढ्याने माणूस घराबाहेर पडतोच असं नाही.

आणि ॲप? 'मोबाइलवरून मत द्यायची सोय करा, मग बघा शहरी तरुण कसे मतदान करतात' हे वाक्य दर निवडणुकीला ऐकू येतं. एस्टोनियात ती सोय २००५ पासून आहे. ओळखपत्र कार्ड वाचकात घालायचं, एका पिनने ओळख पटवायची, दुसऱ्या पिनने मतावर सही करायची. कोणी दमदाटी करून मत घेतलं तर नंतर पुन्हा देता येतं, शेवटचं मत धरलं जातं. २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं इंटरनेटवरून आली. एकूण मतदान मात्र साडेत्रेसष्ट टक्के. २०११ मध्येही साडेत्रेसष्टच होतं. जे एरवी केंद्रावर जात होते तेच घरी बसून मत देऊ लागले. सोय झाली, तीही चांगलीच आहे, पण नवा मतदार फारसा आला नाही. स्वित्झर्लंडमध्ये मतपत्रिका पोस्टाने घरी येते आणि वर्षातून चारेक वेळा येते. तिथे २०२३ च्या केंद्रीय निवडणुकीत जेमतेम ४७ टक्के मतदान झालं. सारखं सारखं विचारलं की लोक कंटाळतात, हेही एक कारण सांगितलं जातं.

अमेरिका या बाबतीत आपल्या जवळची. नोंदणीचा भार नागरिकावर, घर बदललं की पुन्हा धावपळ. मतदान नोव्हेंबरातल्या मंगळवारी, कारण १८४५ मध्ये शेतकऱ्याला घोडागाडीने यायला तो वार सोयीचा होता. २०१४ च्या मध्यावधी (राष्ट्राध्यक्षांची निवड नसलेल्या) निवडणुकीत तिथे जेमतेम छत्तीस-सदतीस टक्के मतदान झालं. पण तिथेही राज्याराज्यांत फरक आहे. नॉर्थ डकोटात नोंदणीच लागत नाही, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये मतदानाच्या दिवशीच केंद्रावर पत्त्याचा पुरावा दाखवून नाव लावता येतं, ओरेगॉनने २०१६ पासून लायसन्स काढणाऱ्याचं नाव आपोआप यादीत घालायला सुरुवात केली. मिनेसोटा मतदानात अमेरिकेत सतत वरच्या क्रमांकात असतो.

आपला वार कोणता? मुंबईत २०२४ ची लोकसभा सोमवारी, २० मे रोजी झाली. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी, वर मे महिना. दक्षिण मुंबईत मतदान पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिलं, त्याच निवडणुकीत गडचिरोली-चिमूरमध्ये ७१.८८ टक्के. नोव्हेंबरातली विधानसभा मग मुद्दाम बुधवारी ठेवली, शहरी लोकांनी सुट्टीला सुट्टी जोडू नये म्हणून. राज्यात ६६ टक्के मतदान झालं, पण कुलाब्याचा आकडा ४५ च्या आतच.

कुलाब्याच्या आकड्यावरून दक्षिण मुंबईकरांना झोडपणं सोपं आहे. थोडं थांबून गणित पाहा. टक्का म्हणजे पडलेली मतं भागिले यादीतली नावं. शहराच्या यादीत सोडून गेलेले भाडेकरू, वारलेले आजोबा, लग्न होऊन गेलेल्या मुली वर्षानुवर्षं तशाच असतात. मुलीने सासरी नमुना ८ भरला नाही, नातवाने आजोबांसाठी मृत्यूच्या दाखल्यासह नमुना ७ दिला नाही. हे सगळे 'मतदान न केलेले' म्हणून मोजले जातात. यादी स्वच्छ केली की टक्का थोडा आपोआप वाढतो. बिहारमध्ये २०२५ च्या विशेष सखोल पुनरीक्षणाआधी, म्हणजे यादीच्या घरोघर फेरतपासणीआधी, ७.८९ कोटी नावं होती, अंतिम यादीत ७.४२ कोटी उरली. त्यानंतरच्या विधानसभेला तिथे विक्रमी ६७ टक्के मतदान नोंदलं गेलं. प्रत्यक्ष मतंही वाढली हे खरं, आणि भाजक आटला हेही खरं.

अशा सफाईत खरा मतदार कापला जाण्याचा धोका मोठा असतो. बिहारच्या प्रारूप यादीतून सुमारे पासष्ट लाख नावं गेली, त्यांतली काही दाव्यांनंतर परत आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये दुसऱ्या टप्प्यात गोव्यासह बारा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत तीच मोहीम निघाली. घरी येणारा गणना अर्ज सही करून परत देणं तेव्हा मतदाराचं काम असतं. बाहेरगावी नोकरीला असलेल्या मुलाचा अर्ज घरच्यांनी भरून दिला तर चालतो. प्रारूप यादी लागली की त्याच दिवशी आपलं नाव पाहा. दावे-हरकतींची मुदत उलटल्यावर हा सोपा मार्ग बंद होतो.

मुदतीवरून आणखी एक गोष्ट. विधानसभा-लोकसभेसाठी उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादीत बदल करता येत नाहीत, आणि प्रक्रियेला वेळ मिळावा म्हणून अर्ज त्याच्या दहा दिवस आधीपर्यंतच घेतले जातात. महापालिका, जिल्हा परिषदेचं गणित निराळं. तिथे राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी प्रभागांनुसार फोडून वापरतो, आणि कोणत्या तारखेची यादी घ्यायची ते आधीच ठरलेलं असतं. २०२५-२६ च्या स्थानिक निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. प्रचाराचे भोंगे ऐकून ऑक्टोबरात नोंदणी करणाऱ्याचं नाव लागलं, पोस्टाने कार्डही आलं, आणि प्रभागाच्या यादीत तो नव्हताच. कार्ड आणि यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्ड ओळख पटवतं, हक्क यादीतल्या नोंदीने मिळतो. (कार्ड पंधरा दिवसांत घरपोच देण्याची व्यवस्था आयोगाने जून २०२५ मध्ये जाहीर केली. पूर्वीच्या मानाने खूपच बरं.)

स्थलांतरितांसाठी मात्र ही सेवा नापास. नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा नेमकी ऊसतोडीच्या हंगामाच्या तोंडावर आली. बीडचा तोडणी कामगार कोयता घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे निघाला, मत राहिलं गावात. त्याने नमुना ८ भरावा हा सल्ला निरर्थक आहे, कारण एप्रिलनंतर तो परत गावीच असणार. अशांसाठी एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल असं दूरस्थ मतदान यंत्र आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांपुढे ठेवलं. पक्षांनी शंका काढल्या आणि ते तिथेच राहिलं. ऑस्ट्रेलियात मतदाराला आपल्या राज्यातल्या कोणत्याही केंद्रावर मत देता येतं. आपल्याकडे बीडचा माणूस सांगलीत तेवढंही करू शकत नाही.

परदेशी असलेल्यांची कथा याहून गमतीची. नमुना ६अ ऑनलाइन भरता येतो, पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावर नाव लागतं, सगळं सुरळीत. फक्त मत द्यायला त्या केंद्रावर पासपोर्ट घेऊन स्वतः यावं लागतं. २०२४ च्या लोकसभेला देशभरात १,१९,३७४ परदेशस्थ मतदार नोंदलेले होते, प्रत्यक्ष आले २,९५८, आणि त्यांतले बहुतेक केरळचे. आता गंमत अशी की लंडनमध्ये रीतसर व्हिसावर राहणारा पुण्याचा इंजिनिअर भारतीय पासपोर्टवरच ब्रिटनच्या संसदेसाठी मत देऊ शकतो, कारण राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथे तो हक्क आहे. नोंदणी पाच मिनिटांत ऑनलाइन, पोस्टाने मत द्यायची सोय, केंद्रावर गेलात तर फोटो ओळखपत्र दाखवायचं. न्यूझीलंडमध्येही वर्षभर राहिलेल्या रहिवासी व्हिसाधारकाला मतदान करता येतं. बऱ्याच मराठी मंडळींना हे माहीतच नसतं. स्वदेशी मत देण्यासाठी विमानाचं तिकीट काढावं लागतं, परदेशात ते चालत जाऊन देता येतं.

एकंदर गुण द्यायचे तर पहिल्या नोंदणीला पाचपैकी चार, पत्ता बदलायला अडीच, स्थलांतरितांना शून्य. ८५ वर्षांवरील ज्येष्ठांना आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मतदानाची सोय आहे, तिला साडेचार. त्यासाठी १२ड हा नमुना अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. ही पाच दिवसांची मुदत घरच्यांनी पाळायची असते, आजी-आजोबांनी नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशीचं राहिलं. शोध पानावरून यादी भाग आणि अनुक्रमांक एका चिठ्ठीवर उतरवून घ्या, मग केंद्रावर टेबलापुढची रांग पटकन सरकते. आयोगाची मतदार माहिती चिठ्ठी २०१९ पासून ओळखपत्र म्हणून चालत नाही. मतदार कार्ड नसेल तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं पासबुक, मनरेगाचं जॉबकार्ड अशा बारा पर्यायांपैकी एक मूळ स्वरूपात न्या. पोर्टलवरून उतरवलेलं ई-कार्ड फोनमध्ये असेल तर घरूनच छापून घ्या. केंद्रात फोन नेता येत नाही, आणि ते फोनमधलं कार्ड तुमच्यासोबत आत जाणार नाही.